दोरा धरणारा हात

शास्त्रपाठ : होशेय ११:१-९, लूक २२:५४-६२, योहान २१:१-१९



गालीलच्या समुद्रावर जाळी टाकणाऱ्या शिष्यांविषयी आपण आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. जाळ्यावर प्रवचन करणे सोपे असते. जाळ्यात मासे पुष्कळ येतात, आणि आम्हा उपदेश करणाऱ्यांना गर्दी आवडते. परंतु पेत्राच्या हाती प्रभूने एकदा गळही दिला होता, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात मंदिराच्या कराचा प्रश्न निघतो. तेव्हा जन्मभर जाळी ओढलेल्या त्या कोळ्याला प्रभू समुद्रावर जाऊन गळ टाकावयास सांगतो, आणि जो पहिला मासा लागेल तो वर काढावयास सांगतो. एकच मासा. नव्या करारात गळाने मासा धरण्याचा हा एवढाच प्रसंग आहे.

जाळे ओढणाऱ्याला कोणता मासा कोठे आहे हे कळत नाही, कळण्याची गरजही नसते. गळाचे तसे नाही. एका टोकाला एक जीव, दुसऱ्या टोकाला एक हात आणि मध्ये एक बारीक दोरा. त्या दोऱ्याविषयी आज लिहावयाचे आहे. लिहिण्याचे कारण खासगी आहे. ते पुढे ओघाने येईल.

मार्च १९९७ मधील गोष्ट. त्या वेळी आम्ही दिल्लीत सरकारी वसाहतीत राहत होतो. माझ्या कार्यालयात निवृत्तीला आलेले एक बंगाली गृहस्थ होते. सारे त्यांना ‘दादा’ म्हणत. घर चित्तरंजन पार्कात, आणि जीव दोन गोष्टींत : रवींद्रसंगीत आणि गळ. दिल्लीची यमुना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळे पाणी आणि पांढरा फेस उभा राहतो. ते खोटे नाही. वजीराबादच्या बंधाऱ्याखाली नजफगढचा नाला नदीला मिळतो, आणि तेथून ओखल्यापर्यंतच्या सुमारे २२ किलोमीटरांत नदीला नदी म्हणावयास जीभ कचरते. परंतु शहराच्या उत्तर टोकाला, पल्ला गावाजवळ, यमुना दिल्लीत शिरते तेथे तिचे रूप वेगळे असते. एका शनिवारी दादा आम्हांला तेथे घेऊन गेले. आम्हांला म्हणजे मला आणि माझ्या मुलाला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मुंबई-कोकणात ज्याला तंगूस म्हणतात, तो नायलॉनचा दोरा दादांच्या रिळावर गुंडाळलेला होता. साडेचार किलोंच्या ओढीला तुटेल असा तो दोरा. रिळाला एक कळ असते. गळ टाकणारे तिला ‘ड्रॅग’ म्हणतात. ती जितकी आवळावी तितका अधिक जोर लावल्याखेरीज दोरा सुटत नाही. दादांनी आदल्या रात्री घरी दोऱ्याला ताणकाटा लावून ती कळ दीड किलोवर बसवली होती. मुलाला हे काही पटेना. दोऱ्यात साडेचार किलोंची ताकद असताना दीडच का वापरायची? दादा म्हणाले, “गाठ मारली की दोऱ्याची थोडी ताकद तेथे जाते. वाकलेल्या काठीच्या कड्यांतून दोरा घासत येतो, तेथे ओढ वाढते. मासा एकाएकी हिसका देतो, त्यात आणखी वाढते. उरलेले तीन किलो मी माझ्यासाठी ठेवलेले नाहीत, बाळ. ते त्याच्या हिसक्यांसाठी ठेवले आहेत.”

दोन तास काही घडले नाही. पलीकडे रेतीत खरबुजाच्या वेलांना पाणी घालणारे शेतकरी मधूनमधून आमच्याकडे पाहून हसत होते. आणि मग काठी वाकली. रीळ सुसाट फिरू लागले. दोरा पाणी कापीत प्रवाहाबरोबर निघाला. खरबूजवाले धावत आले आणि ओरडू लागले, “खींचो बाबूजी, खींचो!” मलाही तेच वाटत होते. मासा चालला आहे, आता आवळले नाही तर केव्हा आवळणार? दादांनी मात्र बोट कळीवर नेले आणि ती थोडी सैल केली.

माझा मुलगा जवळजवळ रडकुंडीला आला. “दादा, तो पळतोय आणि तुम्ही सोडताय?”

दादांनी त्या वेळी उत्तर दिले नाही. हात रिकामे नव्हते. ते काठाकाठाने माशाच्या दिशेने चालू लागले, म्हणजे दोरा फार लांबू नये. काठी त्यांनी आभाळाकडे उभी धरली नाही आणि माशाकडे सरळ रोखलीही नाही. काठी माशाकडे रोखली तर हिसका सोसायला तिची लवचीकता उपयोगी पडत नाही, आणि फार मागे ओढली तर तिचा शेंडा मोडतो. मधल्या तिरकस कोनात ती वाकून राहिली. पाण्यात मोठी धाव घेऊन मासा थांबला, आणि काही कळायच्या आत उलटा फिरून आमच्याच दिशेने येऊ लागला. दोरा लोंबला. तेव्हा मात्र म्हातारा माणूस तरुणासारखा भराभर मागे सरकला आणि रीळ इतक्या वेगाने फिरवू लागला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला. माशाचे दूर जाणे त्यांनी शांतपणे सोसले होते. दोऱ्याचे सैल पडणे त्यांना क्षणभरही सोसेना. सैल दोऱ्यावर गळ तोंडातून निसटतो.

पुढची वीस-पंचवीस मिनिटे एकच क्रम चालला. काठी सावकाश वर उचलायची, मग ती खाली आणताना तेवढाच दोरा गुंडाळायचा. खाली आणतानाही दोरा लोंबू द्यायचा नाही. मासा ओढू लागला की गुंडाळणे बंद. मासा डावीकडे झुकला की काठी उजवीकडे आडवी करायची, म्हणजे त्याचे डोके वळते; नुसते वर ओढले तर तो वळत नाही. अखेरीस पाण्यात तांबूस-चंदेरी कूस दिसली. रोहू होता. मी जाळी घेऊन पुढे झालो, तोच दादा ओरडले, “थांबा! त्याने आता आपल्याला पाहिले आहे.” आणि खरोखरच तो पुन्हा उसळून निघाला. काठाशी दोरा आखूड असतो. लांब दोरा ताणला की थोडा लवतो. आखूड दोऱ्यात तेवढा लव उरत नाही, त्यामुळे तोच हिसका तेथे दोरा तोडून जातो. दादांचे बोट आधीच कळीवर होते. पुष्कळ मासे भर पाण्यात नव्हे, तर पायाशी आल्यावर सुटतात, असे ते नंतर म्हणाले.

मासा आठ किलोंच्या आसपास भरला. साडेचार किलोंच्या दोऱ्यावर आठ किलोंचा मासा कसा आला, हे मुलाने विचारलेच. पाण्यात माशाचे वजन जवळजवळ नाहीसे होते. हाताला जाणवतो तो त्याच्या पोहण्याचा जोर. म्हणूनच माशाला दोऱ्याने पाण्याबाहेर उचलायचे नसते, जाळी खाली घालून उचलायचे. दादांनी मासा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी मोहरीतला रस्सा आमच्याकडे पोहोचला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. रीळ काढून त्याच्या मांडीवर ठेवले. “हे बघ, दोरा भरलेला असतो तेव्हा रिळाचा घेर मोठा असतो. मासा दूर जातो, दोरा सुटतो, घेर लहान होत जातो. मी कळीला हात लावला नाही तरी लहान घेरावरून दोरा ओढून काढायला जास्त जोर लागतो. घेर निम्मा झाला की जोर दुप्पट. शिवाय एवढा लांब दोरा पाण्यातून ओढून नेण्याचे ओझे वेगळेच. मासा जितका दूर, तितका दोरा आपोआप ताठ. माणूस मात्र मासा दूर गेला की घाबरतो आणि तेव्हाच कळ आवळतो. तुटतो तो तेव्हा.”

वाचकहो, ही साधी यंत्रविद्या आहे. मी ती त्या दिवशी ऐकली आणि विसरून गेलो. पुढे तिची किंमत मोजावी लागली.

येथे एक शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. पवित्र शास्त्रात गळ हा बहुधा न्यायदंडाचा शब्द आहे. आमोस सुखासीन स्त्रियांना गळांनी ओढून नेले जाईल असे बजावतो; हबक्कूकाच्या तक्रारीत दुष्ट मनुष्य इतरांना माशांसारखे गळाने वर काढतो; यहेज्केल मिसरच्या राजाच्या जबड्यात गळ घालतो. शिवाय गळाला आमिष असते, आणि देव कोणाला आमिष दाखवून फसवीत नाही. म्हणून गळ बाजूला ठेवावा. मला तुमचे लक्ष केवळ दोऱ्याकडे वेधावयाचे आहे, कारण दोऱ्याची भाषा देवाने स्वतः आपल्या तोंडी घेतली आहे. होशेयाच्या अकराव्या अध्यायात तो एफ्राईमाविषयी बोलतो तो बापासारखा. याला मी चालावयास शिकविले, याला हातांवर घेतले, असे तो म्हणतो. आणि याला मी ओढले ते माणसाला साजेशा दोरांनी, प्रेमाच्या दोरांनी, असेही म्हणतो.

हा एफ्राईम कोण? थोडे मागे जाऊ या. शलमोनानंतर रहबाम गादीवर आला तेव्हा उत्तरेकडील वंश त्याच्याकडे आले आणि बापाने घातलेले जू हलके करण्याची त्यांनी विनंती केली. लोक आधीच मनाने दूर गेले होते. वृद्धांनी सैल करण्याचा सल्ला दिला. बरोबरीच्या तरुणांनी आवळण्याचा दिला. रहबामाने आवळले. दहा वंश त्या दिवशी तुटले ते कायमचे तुटले. एफ्राईम हा त्याच तुटलेल्या राज्याचा मुख्य वंश. माणसाच्या हातून दोरा तुटून दोनशे वर्षे होत आली होती, मूर्तींपुढे धूप जळत होता, आणि देव होशेयाच्या मुखाने सांगतो की माझ्या हातातला दोरा अजून आहे. त्याच अध्यायात तो पुढे रागाने बोलू लागतो आणि मध्येच थांबतो. तुला मी कसा सोडू, असे स्वतःलाच विचारतो. मी देव आहे, मनुष्य नव्हे, असे कारणही देतो. आपण सहसा कठोरपणाला देवपण समजतो. तेथे देव नेमके उलट सांगतो.

आपल्याकडे म्हण आहे, तुटेपर्यंत ताणू नये. म्हण चांगली, पण तीत अर्धीच गोष्ट आहे. एली याजकाने कधीच ताणले नाही. मुलांच्या अपराधांविषयी तो बोलला, परंतु त्याने त्यांना आवरले नाही. त्याचा दोरा लोंबतच राहिला आणि घराणे बुडाले. जे लोक मासा पकडून पुन्हा नदीत सोडतात, ते आणखी एक गोष्ट सांगतात. फार हलक्या हाताने फार वेळ खेळवलेला मासा इतका थकतो की पाण्यात सोडल्यावरही पुढे मरू शकतो. म्हणून दोरा जेवढे सुखरूप सोसू शकेल तेवढा ताण ठेवावाच लागतो. दादांनी कळ सैल केली; दोरा सोडला नाही. १५ ऑगस्टला दिल्लीच्या गच्च्यांवर पतंग उडविणाऱ्या पोरांना ढील देणे आणि मांजा हातातून सोडणे यांतला फरक समजतो. आम्हा आईबापांना तो समजावा लागतो.

आता माझी हकिगत. २०१४ साली, एका रविवारी सकाळी, माझा मुलगा कपडे न बदलता बसून राहिला. तो सव्वीस वर्षांचा होता. “बाबा,” तो म्हणाला, “मी तिथे नुसता बसून येतो. मला आतून काही वाटत नाही. वाटतं असं दाखवायचा कंटाळा आलाय.” आज वाटते, इतके खरे वाक्य आमच्या घरात पुष्कळ दिवसांत कोणी बोलले नव्हते. मी मात्र म्हणालो, “या घरात राहायचे असेल तर या घराच्या रीतीने राहावे लागेल.” महिन्याभरात त्याने गुरुग्रामला खोली घेतली. मी कळ आवळली. शास्त्रवचने अधोरेखित करून पत्रे पाठविली. त्याला न विचारता पाळकसाहेबांना त्याच्या खोलीवर धाडले. २०१६ साली तो नोकरीसाठी दुबईला गेला, तेव्हा मी आणखी आवळले. सर्वांत कठोर पत्र मी लिहिले ते समुद्रापलीकडे. एका बापाने मुलाला जे लिहू नये ते त्यात होते. त्यानंतर चौदा महिने माझ्या नावे एक शब्द आला नाही. दोष कोणाचा हे शोधण्यासाठी मला घराबाहेर जावे लागले नाही.

त्या चौदा महिन्यांत माझी पत्नी दर शनिवारी त्याला एक निरोप पाठवीत असे. फोनवर चार ओळी. आज काय रांधले, गच्चीवरची मोगरी फुलली, शेजारच्या मावशींचे गुडघे. ‘कधी येतोस’ नाही, ‘प्रार्थना करतोस का’ नाही. उत्तर येवो न येवो, शनिवार चुकला नाही. मला तो दुबळेपणा वाटे आणि मी तसे बोलूनही दाखवीत असे. दोरा माझ्या हातून तुटला होता, आणि तिच्या हातात तो होता. न लोंबणारा, न आवळलेला. चौदाव्या महिन्यात उत्तर आले. येसर आमटीला येसर किती घालायचा, एवढेच त्याने विचारले होते. ती तो निरोप मला दाखवावयास आली तेव्हा मला त्या बसमधले रीळ आठवले. अंतर स्वतःच ओढत असते. परक्या शहरात, परक्या भाषेत, रात्री दहा वाजता एकट्याने भात शिजविणाऱ्या मुलाला घराची ओढ लावायला बापाच्या पत्राची गरज नसते. माझे पत्र त्या ओढीवर आणखी ओझे टाकीत होते, एवढेच.

मग मी पेत्राची गोष्ट पुन्हा वाचली. पेत्र किती दूर गेला होता! महायाजकाच्या वाड्यात, कोळशांच्या शेगोटीशी, शपथा वाहून तो आपल्या गुरूला नाकारीत होता. त्या क्षणी प्रभूने काय केले? लूक सांगतो, त्याने वळून पेत्राकडे पाहिले. बोलला नाही. आधी दिलेल्या इशाऱ्याची आठवण त्याने करून दिली नाही. कोंबड्याने ते काम केले होते. पेत्र बाहेर जाऊन रडला तेव्हा त्याला धरून आणावयास कोणी धावले नाही. दोरा मात्र होता. संकटाच्या आधीच प्रभूने त्याला सांगून ठेवले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी मार्काच्या शुभवर्तमानात कबरेतला तरुण स्त्रियांना निरोप देतो, शिष्यांना सांगा, आणि पेत्राला. ते वेगळे घेतलेले नाव म्हणजे दोऱ्याला दिलेला अगदी हलका ताण. आम्ही अजून धरून आहोत, एवढेच कळविण्यापुरता.

आणि मग योहानाचा एकविसावा अध्याय. रात्रभर काही न मिळालेले शिष्य नावेत, आणि प्रभू काठावर उभा. लूकाच्या पाचव्या अध्यायात अशाच प्रसंगी जाळी फाटू लागली होती. येथे एकशे त्रेपन्न मोठे मासे आले तरी जाळे फाटले नाही, याची योहान आवर्जून नोंद करतो. पेत्र ते जाळे काठावर ओढतो. त्या ओढण्याला मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच योहानाने आधी या ठिकाणीही वापरले आहे : पित्याने ओढल्यावाचून कोणी माझ्याकडे येत नाही असे प्रभू सांगतो तेथे, आणि उंच केला गेल्यावर मी सर्वांना आपल्याकडे ओढीन असे सांगतो तेथे. ओढणारा हात वधस्तंभावर खिळला जाणार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ओढण्यात हिसका का नाही ते समजते.

काठावर कोळशांचा विस्तव होता. नव्या करारात असा कोळशांचा विस्तव दोनच ठिकाणी आला आहे. दुसरे ठिकाण म्हणजे महायाजकाच्या वाड्यातले. पेत्राला ते कळले नसेल असे मला वाटत नाही. आणि त्या विस्तवावर मासा आधीच भाजत ठेवलेला होता. यमुनेवरच्या दादांची आणि माझ्या प्रभूची तुलना येथे संपते. दादांना मासा हवा होता. काठावर उभ्या असलेल्या प्रभूला पेत्राकडून न्याहारी नको होती. त्यानेच ती करून ठेवली होती. आधी खाऊ घातले, मग विचारले. तीन प्रश्न विचारले, आणि तिन्ही प्रेमाविषयी. त्या रात्रीविषयी एकही नाही.

गेल्या नाताळात आमचा मुलगा दोन दिवसांसाठी आला. २४ तारखेच्या रात्री आम्ही तिघे जेवावयास बसलो. मी आशीर्वाद मागितला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, हे मला माझे डोळे मिटलेले असावयास हवे असतानाही दिसले. आमेन झाले. उद्या सकाळी उपासनेला येणार का, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. काठ जवळ होता, दोरा आखूड होता. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी मिठाची वाटी मागितली.

सकाळी आम्ही दोघेच निघालो. तो झोपला होता. त्याच्यासाठी न्याहारी झाकून ठेवली. परत आलो तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती आणि चहाचे आधण ठेवलेले होते. चहा पिताना त्याने मंडळीतल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांची विचारपूस केली, आणि पल्ल्याच्या वाटेवर आता किती इमारती झाल्या असतील असे सहज म्हणाला. मी त्याला एवढेच सांगितले की ते २०१६ चे पत्र मी लिहावयास नको होते. तो बराच वेळ कपाशी खेळत राहिला. “हं,” म्हणाला.

संध्याकाळच्या विमानाने तो गेला. आता रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. घंटा वाजली की मी आधी पत्नीला घेऊ देतो.